ड्वेन ऑलमनचे आवडते सोलो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार गिटारवाले जमले आणि मी तोंड उघडलं, की गाडी ड्वेन ऑलमनवर येते. मग तेच ते प्रश्न, तेच ते वाद. शेवटी एकदाचं सगळं लिहून काढलं. आवडीनिवडी माझ्या आहेत, भांडायला हरकत नाही.

हा ड्वेन ऑलमन नेमका कोण?

ऑलमन ब्रदर्स बँडचा संस्थापक. सदर्न रॉक नावाने जे संगीत पुढे ओळखलं गेलं, त्याचा पाया घालणाऱ्यांतला पहिला माणूस. (त्याचा धाकटा भाऊ ग्रेग या नावावर वैतागायचा. त्याचं म्हणणं, रॉकचा जन्मच अमेरिकेच्या दक्षिणेत झालाय, मग वेगळं ‘सदर्न’ कशाला लावता?)

जन्म २० नोव्हेंबर १९४६, नॅशव्हिल, टेनेसी. तो तीन वर्षांचा असताना सैन्यात असलेल्या वडिलांचा खून झाला. आईने दोन्ही मुलांना एकटीने वाढवलं आणि १९५९ मध्ये कुटुंब फ्लोरिडातल्या डेटोना बीचला राहायला गेलं. घरात गिटार आधी आली ती ग्रेगची. ड्वेनकडे मोटरसायकल होती, ती त्याने आपटून आपटून खिळखिळी केली आणि शेवटी तिचे सुटे भाग देऊन स्वतःची गिटार घेतली. त्याआधी भावाच्या गिटारवरून घरात रोज मारामाऱ्या व्हायच्या.

२९ ऑक्टोबर १९७१ ला जॉर्जियातल्या मेकन गावात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय २४. बँड २६ मार्च १९६९ ला जॅक्सनव्हिलमध्ये जमला होता. म्हणजे आपण जे काही ‘ऑलमन ब्रदर्सचा ड्वेन’ म्हणून ऐकतो, ते सगळं अडीच-पावणेतीन वर्षांतलं आहे.

मी त्याला कधीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ या लाइव्ह अल्बमपासून. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरमध्ये मार्च १९७१ मध्ये रेकॉर्ड झाला, जुलैमध्ये दोन रेकॉर्ड्सच्या जोडीत बाहेर आला. निर्माता टॉम डाउड.

मला तो मिळाला साठ मिनिटांच्या कॅसेटवर, एका मित्राच्या मोठ्या भावाने उतरवून दिलेला. अख्खा अल्बम एका तासात बसत नाही. त्यामुळे बी बाजूवर ‘व्हिपिंग पोस्ट’ चालू असताना मध्येच खट्ट आवाज व्हायचा आणि टेप संपायची. गाणं तेवीस मिनिटांचं आहे. कित्येक वर्षं मला वाटायचं की ते तिथेच, त्या ‘खट्ट’वरच संपतं. खरी लांबी कळली तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. अर्धा वाचलेला निवाडा पुढच्या पानावर सापडावा तसं झालं.

तुमचा सर्वांत आवडता सोलो कोणता? एकच सांगा.

‘ब्लू स्काय’.

लोक दचकतात. त्यांना ‘लैला’ किंवा ‘स्टेट्सबरो ब्लूज’ अपेक्षित असतं. ‘ब्लू स्काय’मध्ये स्लाइड (तारेवर नळकांडं सरकवून वाजवणं) नाही, आरडाओरडा नाही, दुःखही नाही. गाणं बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याचं, डिकी बेट्सचं, गायलंय डिकीनेच, आणि ड्वेनसाठी हे जवळजवळ शेवटचं स्टुडिओ रेकॉर्डिंग ठरलं. १९७२ च्या ‘ईट अ पीच’ अल्बममध्ये ते आलं, तोवर तो हयात नव्हता.

गाण्याचा पहिला भाग संपला की ड्वेन सुरू होतो. साधी, मोकळी, मेजरमधली सुरावट. एकेक वाक्य म्हणतो, श्वास घेतो, पुढचं वाक्य म्हणतो. मग दोन्ही गिटार एकत्र येऊन थोडा वेळ हातात हात घालून चालतात, आणि त्या जोडओळीतून डिकीचा सोलो बाहेर पडतो. शिवण दिसतच नाही. पहिल्या ऐकण्यात बहुतेकांना इथे माणूस बदलला हेच कळत नाही.

माझं ड्वेनबद्दल जे काही म्हणणं आहे, ते या एका जागेत आहे. त्याचे उत्तम सोलो हे ‘सोलो’ नाहीतच. समोर कुणीतरी तोलामोलाचा माणूस उभा आहे, त्याचं बोलणं ऐकून हा बोलतोय, असे ते आहेत. डिकी असो, गायक विल्सन पिकेट असो, इंग्रज गिटारवाला एरिक क्लॅप्टन असो. खालची यादी त्याच कानाने वाचा.

बरं, मग बाकीचे कोणते?

क्रम लावत नाही, आठवेल तसं सांगतो.

‘हे ज्यूड’, विल्सन पिकेट, १९६८. बीटल्सचं गाणं तेव्हा नुकतंच आलं होतं. अलाबामातल्या मसल शोल्स गावी रिक हॉलचा फेम स्टुडिओ होता, तिथे ड्वेन पोटापाण्यासाठी इतरांच्या रेकॉर्डवर वाजवत असे. रिक हॉल पुढे सांगायचा की हा पोरगा काम मिळेपर्यंत स्टुडिओच्या पार्किंगमध्ये तंबू ठोकून राहिला होता. एका दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. पिकेट आणि ड्वेन मागेच थांबले. १९६८ चं अलाबामा! काळा गायक आणि त्याच्याबरोबर खांद्यापर्यंत केस वाढवलेला गोरा हिप्पी, गावातल्या हॉटेलात दोघांकडेही लोक वळून वळून बघणार. त्या रिकाम्या स्टुडिओत ड्वेनने पिकेटला ‘हे ज्यूड’ गाण्यासाठी पटवलं. पिकेट आधी तयारच नव्हता.

शेवटचा मिनिट-दीड मिनिट ऐका. पिकेट किंचाळतो, आणि ड्वेन त्या किंकाळीला उत्तर देतो. पिकेट आणखी वर जातो, ड्वेन मागोमाग. सवाल-जवाबच म्हणा. ते ऐकून तिकडे क्लॅप्टनने फोन करून विचारलं की हा गिटारवाला कोण आहे.

‘लोन मी अ डाइम’, बॉझ स्कॅग्ज, १९६९. तेरा मिनिटांच्या आसपासचा संथ ब्लूज. मूळ गाणं फेंटन रॉबिन्सनचं. ड्वेन कितीतरी वेळ गायकाच्या मागे गुपचूप भरणा करत असतो. मग हळूहळू ढोलवाला तापतो, ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) तापतं आणि गिटार अशी काही सुटते की गाणं ब्लूज राहतच नाही. घाई असेल तर हे लावू नका. पहिली सहा मिनिटं गाळून थेट शेवट ऐकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

‘ड्रीम्स’, ऑलमन ब्रदर्सच्या पहिल्या अल्बमवरचं, १९६९. तीनच्या झुलत्या लयीतलं गाणं. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘ऑल ब्लूज’ची सावली त्यावर स्पष्ट आहे. सोलो साध्या बोटांनी सुरू होतो आणि पुढे स्लाइडवर जातो. बँडमधले लोक सांगत की सोलो मनासारखा होईना, तेव्हा ड्वेनने स्टुडिओतले दिवे मालवायला लावले आणि कोपऱ्यात अंधारात बसून वाजवला. बाकीच्यांचे डोळे भरून आले होते म्हणे. हा किस्सा ठाऊक नव्हता तेव्हाही मी ते गाणं दिवे बंद करूनच ऐकायचो. त्याला दुसरा उजेड चालत नाही.

‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’, फिलमोर. हेही डिकीचंच. आधी डिकीचा सोलो, मग ग्रेगचा ऑर्गन, मग ड्वेन. तो एका शिखरापर्यंत नेतो. आपल्याला वाटतं झालं, आता टाळ्या. पण तो सगळं खाली आणतो, जवळजवळ कुजबुजीपर्यंत, आणि पुन्हा चढायला लागतो. दुसरं शिखर पहिल्याहून उंच. मैफलीत एखादा गवई तार षड्जाला हात लावून परत मध्य सप्तकात येतो आणि आपण हळहळतो न हळहळतो तोच पुन्हा निघतो, तसं.

‘स्टॉर्मी मंडे’ही फिलमोरचंच. टी-बोन वॉकरचं जुनं गाणं. ग्रेगच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागा ड्वेन कशा भरतो तेवढंच ऐका. बास.

‘स्टेट्सबरो ब्लूज’बद्दल वेगळं काय सांगायचं? अल्बमचं पहिलं गाणं, पहिला सूर स्लाइडचा, आणि त्या सुराला जगभरातल्या पोरांनी गिटारी काढल्या. ब्लाइंड विली मॅकटेलने १९२८ मध्ये ते रेकॉर्ड केलं होतं. ड्वेनला ते भेटलं ताजमहाल या गायकाच्या रेकॉर्डवर. त्याची गोष्ट पुढे येतेच.

स्लाइड म्हणजे काय? आणि ती औषधाची बाटली खरी आहे का?

खरी आहे. ड्वेनचा वाढदिवस होता. त्याला सर्दी झाली होती आणि घोड्यावरून पडून कोपर दुखावलं होतं. दोष ग्रेगचा, कारण घोड्यावर बसायची टूम त्याची. ड्वेन बोलेना. ग्रेगने दारात दोन वस्तू ठेवल्या, घंटी वाजवली आणि पळाला. एक ताजमहालची रेकॉर्ड, दुसरी कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली. काही तासांत ड्वेनचा फोन, ये इकडे लवकर. त्याने गोळ्या ओतून दिल्या होत्या, बाटलीचं लेबल धुऊन काढलं होतं आणि ती बोटात घालून ‘स्टेट्सबरो ब्लूज’ वाजवत बसला होता. ग्रेगने आयुष्यभर सांगितलेली ही गोष्ट.

स्लाइडमध्ये बोटाने तार फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची नाही. काचेचं किंवा धातूचं नळकांडं तारेवर नुसतं टेकवून सरकवायचं. त्यामुळे एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधलं सगळं ऐकू येतं. आपल्याकडे मींड म्हणतात ती हीच. ड्वेन बाटली अनामिकेत घालायचा. मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली असत, म्हणजे बाटलीमागची तार उगीच झणझणत नाही. स्लाइडच्या वेळी उजव्या हातात पिक (तारा छेडायची चकती) नसे, नुसती बोटं.

मी हे खोकल्याच्या औषधाच्या छोट्या बाटलीवर करून पाहिलंय. ती बोटाला सैल झाली म्हणून आत कागद कोंबला. तारा फ्रेटबोर्डला चिकटून असल्याने बाटली फ्रेटांवर खडखडत होती. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, “मिक्सर बिघडलाय का रे?” दोन गोष्टी तेव्हा शिकलो. तारा जरा उंच हव्यात. आणि बाटली दोन फ्रेटांच्या मध्ये नव्हे, बरोबर फ्रेटच्या पट्टीवर यायला हवी. केसभर अलीकडे आली तरी सूर उतरतो. ड्वेनचा उतरत नाही, आणि मुद्दाम उतरवतो तेव्हा तो काळजाला लागतो.

त्याचं ट्यूनिंग कोणतं?

स्लाइडसाठी बहुतेक वेळा ओपन ई. जाड तारेपासून बारीक तारेकडे : ई, बी, ई, जी-शार्प, बी, ई. सरगमीत बोलायचं तर सा प सा ग प सा. काहीही न दाबता छेडलं तरी पूर्ण मेजर कॉर्ड वाजतो. पण ‘ड्रीम्स’मधली स्लाइड नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे, म्हणून तिची चाल वेगळी लागते.

‘लैला’ तुमच्या यादीत का नाही?

आहे हो, पण जितका उदोउदो होतो तितकी वर नाही.

ऑगस्ट १९७० मध्ये मायामीत क्लॅप्टन आपला डेरेक अँड द डॉमिनोज हा बँड घेऊन क्रायटेरिया स्टुडिओत बसला होता. निर्माता पुन्हा टॉम डाउडच. ऑलमन ब्रदर्सचा त्याच गावात कार्यक्रम होता, तो ऐकायला क्लॅप्टन गेला, आणि मग ड्वेन स्टुडिओत आला तो बराचसा अल्बम वाजवूनच गेला. गाण्याची ती प्रसिद्ध सुरुवात ड्वेनने ब्लूज गायक अल्बर्ट किंगच्या एका संथ ओळीवरून, वेग वाढवून काढली असं मानलं जातं. नाव आलंय निजामीच्या लैला-मजनूवरून, बाराव्या शतकातल्या फारसी काव्यावरून. आपल्याला ती कथा सांगावी लागत नाही.

शेवटच्या पियानोवाल्या भागात ड्वेनची स्लाइड फ्रेटबोर्ड संपतो तिथून पुढे जाते, जिथे फ्रेटच नाहीत, नुसत्या कानाच्या भरवशावर. अगदी शेवटी पक्ष्याची किलबिल ऐकू येते, तीही त्याचीच. हे सगळं थोर आहे. पण मूळ गाण्यात इतक्या गिटार एकावर एक चढवल्यात की कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. त्याच अल्बमवरचं ‘हॅव यू एव्हर लव्ह्ड अ वूमन’ लावा. दोघं वेगवेगळे उभे दिसतात. ‘की टू द हायवे’ही लावा. ते आवाज हळूहळू वाढत सुरू होतं, कारण दोघांनी सहज वाजवायला घेतलं तेव्हा टेप चालूच नव्हती. डाउडने धावपळ करून ती सुरू करायला लावली.

डिकी कुठला आणि ड्वेन कुठला, हे ओळखायचं कसं?

हेडफोन लावा. फिलमोरच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटार दोन बाजूंना आहेत. ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये स्लाइड ज्या कानात येते तो ड्वेनचा कान. तो धरून ठेवा आणि पुढे चला. आठवडाभराने कानाची गरज लागत नाही. डिकीची वाक्यं गोल, गाण्यासारखी, कंट्री संगीताकडे झुकणारी असतात. ड्वेनची टोकदार, ब्लूजच्या मातीतली, आणि तो सुराला मागून येऊन धडकतो.

त्याच्या संगीताचा आपल्या संगीताशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून जोडू नये. ड्वेन आपलं संगीत शिकला नव्हता. सॅक्सोफोनवाल्या किंग कर्टिसच्या ‘गेम्स पीपल प्ले’वर त्याने इलेक्ट्रिक सितार वाजवलीय आणि त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, पण ती नावाचीच सितार, गिटारसारखी वाजवायची.

त्याचे कान होते माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेनकडे, विशेषतः माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बमकडे. त्या संगीतात कॉर्ड सारखे बदलत नाहीत, एका स्वरसमूहावर बराच वेळ थांबून विस्तार करतात. म्हणून ‘एलिझाबेथ रीड’ आपल्याला परकं वाटत नाही. सोलोखालचे स्वर डोरियन मोडचे आहेत, म्हणजे गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. काफी थाट. राग नव्हे हं, फक्त स्वर. ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन. बोटांवर मोजून बघा. गाणं लिहिणाऱ्या ग्रेगला ते अकरा आहेत हेच माहीत नव्हतं.

खरा धागा पुढच्या पिढीत आहे. बँडचा ड्रमर बुच ट्रक्स, त्याचा पुतण्या डेरेक ट्रक्स, जन्म १९७९. नाव डेरेक अँड द डॉमिनोजवरून. ड्वेनची स्लाइड ऐकत वाढला, १९९९ मध्ये ऑलमन ब्रदर्समध्ये आला. त्याने उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदचा ध्यास घेतला, कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कॉलेजात शिकला आणि २००२ च्या अल्बमवर राहत फतेह अली खान यांच्याबरोबर वाजवलं. त्याची मींड ऐकताना दोन्ही घराणी दिसतात.

तो कोणत्या गिटार वाजवायचा?

गिब्सन लेस पॉल, मार्शल अ‍ॅम्पमधून. पुढे स्लाइडसाठी गिब्सनचीच एसजी. सुरुवातीची १९५७ ची सोनेरी लेस पॉल त्याने १९७० मध्ये वर पैसे देऊन दुसऱ्या लेस पॉलसाठी देऊन टाकली. २०१९ मध्ये ती सोनेरी गिटार साडेबारा लाख डॉलरना लिलावात गेली. ती घेऊन कुणाला ड्वेनचा आवाज मिळेल असं वाटत असेल तर शुभेच्छा.

‘फ्री बर्ड’ त्याच्यावरच लिहिलंय ना?

नाही. लिनर्ड स्किनर्ड हा बँड, त्यांचंच हे गाणं. ते कार्यक्रमात ड्वेनला अर्पण करायचे, त्यातून हा समज पसरला. आणि ‘जेसिका’ किंवा ‘रॅम्बलिन मॅन’मध्ये तो कुठे आहे, हेही विचारू नका. ती ऑलमन ब्रदर्सचीच, पण १९७३ ची गाणी आहेत.

तो पीचच्या ट्रकवर आदळला म्हणून अल्बमचं नाव ‘ईट अ पीच’ ठेवलं, हे खरं का?

धादांत खोटं. ट्रकवर लाकडं उचलायची क्रेन होती. नाव त्याच्याच एका बोलण्यावरून आलं, जॉर्जियात आलो की शांततेसाठी एक पीच खातो, अशा अर्थाचं. बास वाजवणारा बेरी ओकली वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ ला, ड्वेन आदळला तिथून जवळच मोटरसायकलच्याच अपघातात गेला. तोही २४ वर्षांचा. मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत दोघं शेजारी-शेजारी आहेत. एलिझाबेथ रीड हे नावही डिकीने तिथल्याच एका थडग्यावर वाचलं होतं.

त्याने स्वतः काही लिहिलं का?

एकट्याच्या नावावर एकच चीज, ‘लिटल मार्था’. दोन मिनिटांची, नुसत्या अकूस्टिक गिटारची. स्वप्नात जिमी हेंड्रिक्सने हॉटेलच्या बाथरूममध्ये नळावर ती चाल दाखवली, असं तो सांगे. पण वाजवताना तिथेही शेजारी डिकी आहेच.

मग खरोखर एकट्याने वाजवलेलं काहीच नाही?

आहे. फिलमोरचं ‘यू डोंट लव्ह मी’, एकोणीस मिनिटांचं. अर्ध्याच्या आसपास ढोल, बास, ऑर्गन सगळे थांबतात. ड्वेन एकटा. एक वाक्य वाजवतो आणि गप्प बसतो. अख्खं थिएटर गप्प. पुन्हा एक वाक्य, पुन्हा शांतता. त्या शांततेत प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडतं, “रात्रभर वाजव!” रेकॉर्डवर ते तसंच राहू दिलंय. नंतर सगळे परत येतात, आणि शेवटी ड्वेन ब्लूज सोडून ‘जॉय टू द वर्ल्ड’ या नाताळच्या भजनाची ओळ काढतो. मार्च महिन्यात.